बोरीबंदर ते भेंडीबाजार : एका खाद्यफेरीचा इतिहास



शाळेची सहल मुंबईस गेली म्हणजे गेट वे ऑफ इंडिया, वस्तुसंग्रहालय आणि राणीची बाग पाहून मुले परत येतात. इतिहास म्हणजे राजे, लढाया, किल्ले आणि सनावळी अशी आपली समजूत झालेली आहे. त्यामुळे ज्या रस्त्याने आपण शंभर वेळा ये-जा केली, ज्या दुकानातून ईदची मिठाई आणली, त्या रस्त्याला आणि त्या मिठाईलाही इतिहास आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

अलीकडे मुंबईत एक नवी प्रथा रूढ झाली आहे. एखादा जाणकार मार्गदर्शक दहा-बारा मंडळींना बरोबर घेऊन जुन्या वस्तीतून पायी हिंडवतो, ठिकठिकाणी थांबून तेथील कारागिरांच्या हातचे पदार्थ व पेये चाखावयास देतो आणि त्यांची माहिती सांगतो. रमजानच्या महिन्यात महंमद अली रोडवर अशा खाद्यफेऱ्या विशेष निघतात. परदेशी पाहुणे येतात, अन्य धर्मीय बांधव येतात, पैसे मोजून येतात. आपले शेजारी आपल्या मोहल्ल्यात प्रेमाने येतात ही आनंदाचीच गोष्ट होय. परंतु मनात एक प्रश्न उभा राहतो. पाहुण्यांना जी माहिती पैसे देऊन मिळते, ती आपल्या मुलांना तरी आहे काय?

म्हणून या लेखात आपण तीच फेरी करू. अंतर फार नाही. बोरीबंदर स्टेशनपासून जे. जे. हॉस्पिटलच्या नाक्यापर्यंत दोन-अडीच किलोमीटर. सकाळी निघा किंवा असरच्या नमाजीनंतर निघा. बरोबर एक वही मात्र असू द्या.

आरंभ एका शाळेपासून

बोरीबंदरच्या स्टेशनासमोर, ज्याला आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, त्याच्या समोरच अंजुमन-ए-इस्लामची देखणी दगडी इमारत उभी आहे. अंजुमनची स्थापना १८७४ साली झाली आणि ही इमारत १८९३ साली पूर्ण झाली. बद्रुद्दीन तय्यबजी, त्यांचे बंधू कमरुद्दीन तय्यबजी, नाखुदा महंमद अली रोघे आणि मुन्शी गुलाम महंमद ही संस्थापकांची नावे प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असावयास हवीत. बद्रुद्दीन हे मुंबई हायकोर्टातील पहिले भारतीय बॅरिस्टर. १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्तीही झाले.

खाण्यापिण्याच्या फेरीचा आरंभ शाळेपासून कशाला, असे तुम्ही विचाराल. त्याचे कारण असे की, या फेरीत आपल्याला पदोपदी दोन गोष्टी एकत्र भेटणार आहेत: हाताचा हुन्नर आणि शाळेचे इल्म. तय्यबजींचे घराणे व्यापाऱ्यांचे, खंबायतहून आलेले. रोघे हे कोकणी, जहाजांच्या व्यवसायातले. 'नाखुदा' या शब्दाचा अर्थच जहाजाचा मालक किंवा कप्तान. ज्यांनी स्वतः व्यापार केला, समुद्र पाहिला, त्यांनी पुढच्या पिढीसाठी शाळा काढली.

मंडई आणि एक पेला फालुदा

पाच-सात मिनिटे उत्तरेस चालले की क्रॉफर्ड मार्केट लागते. आजचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकिर्दीत, १८६९ साली ही मंडई पूर्ण झाली. प्रवेशद्वारावरच्या कोरीव शिल्पपट्टांत धान्य कापणारे शेतकरी आणि ओझी वाहणारे हमाल दिसतात. ते जे. जे. कलाशाळेत शिकविणारे लॉकवुड किपलिंग यांनी घडविले. राजाचे किंवा सेनापतीचे चित्र न कोरता कष्टकऱ्यांचे चित्र कोरावे, ही गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवावी. खरेदीच्या घाईत वर पाहावयास कोणाला सवड होत नाही.

मंडईसमोर 'बादशाह' नावाचे शीतपेयांचे दुकान आहे. ते १९०५ पासूनचे. येथे फालुदा घ्यावा. फालुदा हा मूळचा इराणचा. तेथे त्याला 'पालुदा' म्हणतात. शिराज शहराचा पालुदा प्रसिद्ध आहे. पिष्टाच्या बारीक शेवया, गुलाबपाणी, साखर, लिंबाचा रस असा तो साधा, थंडगार प्रकार. हिंदुस्थानात आल्यावर त्याला दूध मिळाले, सब्जाचे बी मिळाले आणि मलईही मिळाली. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती चिकट पांढरट आवरण फुगते. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते भिंगाखाली अवश्य पाहावे.

फालुद्यातले गुलाबाचे सरबत पाहिले की आणखी एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. दिल्लीत हकीम अब्दुल मजीद यांनी १९०६ साली 'हमदर्द' नावाचा छोटा युनानी दवाखाना काढला आणि उन्हाळ्यावर उतारा म्हणून फळे, फुले व वनस्पतींच्या अर्कांचे एक लाल सरबत तयार केले. तेच 'रूह अफजा'. त्यांचे चिरंजीव हकीम अब्दुल हमीद यांनी १९४८ साली हा सारा उद्योग वक्फ केला. सरबताच्या आणि औषधांच्या उत्पन्नातून शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आणि १९८९ साली 'जामिया हमदर्द'ला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. वाचकहो, इफ्तारच्या दस्तरखानावर तो लाल पेला समोर आला म्हणजे मुलांना ही गोष्ट जरूर सांगा.

मंडईच्याच परिसरात हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा मुसाफिरखाना आहे. महंमद हाजी साबू सिद्दीक हे मेमन समाजातील धनिक तरुण. १९०८ साली ऐन तारुण्यात ते अल्लाला प्यारे झाले. भायखळ्याची तंत्रशिक्षणाची संस्था १९३६ पासून त्यांचेच नाव चालवीत आहे. आपल्यातील कित्येक घरांतील पहिला फिटर, पहिला ओव्हरसियर, पहिला इंजिनिअर अशाच तंत्रशाळांच्या वर्गांतून बाहेर पडला.

तळ्यावरची मशीद आणि कोकणचा किनारा

मंडईतून शेख मेमन स्ट्रीटने आत गेलो की जुम्मा मशीद येते. ती १८०२ साली बांधून पूर्ण झाली. या मशिदीचे वैशिष्ट्य असे की ती एका जुन्या तळ्यावर उभी आहे. जागा कोकणी मुसलमान व्यापाऱ्याची होती. तळे बुजविण्याऐवजी त्यावर दगडी कमानी घालून मशीद उभारली, आणि तेच पाणी वजूसाठी राहिले. पुढे नाखुदा महंमद अली रोघे यांनी वरचा मजला बांधला. रोघे हे नाव येथे आपल्याला दुसऱ्यांदा भेटते.

मुंबईच्या मुसलमान वस्तीत कोकणी, कच्छी व हालाई मेमन, बोहरा, खोजा, उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर असे अनेक समाज आपापली भाषा, आपापला पोशाख आणि आपापली चूल घेऊन आले. बाजारात चार पावलांवर चव बदलते ती यामुळे. 'मुसलमानी जेवण' असा एकच शिक्का मारणाऱ्यांना ही फेरी एकदा तरी घडवावी. कोकणी घरातील नारळाच्या दुधाचा रस्सा आणि बोहरी घरातील थाळ यांत जेवढे साम्य आहे, तेवढाच फरकही आहे.

पावाची भट्टी

आता महंमद अली रोडला लागू. या रस्त्याला नाव आहे मौलाना महंमद अली यांचे. १९२० साली जामिया मिल्लिया इस्लामिया स्थापन झाली, तिच्या संस्थापकांपैकी ते एक. डोक्यावरून जो लांबलचक उड्डाणपूल जातो तो २००२ साली खुला झाला आणि त्यास कोकणचे थोर विद्वान, माहीमचे मखदूम अली महाइमी यांचे नाव दिले आहे. मखदूमसाहेबांचा काळ १३७२ ते १४३१. कुराण शरीफवर त्यांनी अरबीत भाष्य लिहिले. म्हणजे रस्त्याला एका शिक्षणप्रेमी नेत्याचे नाव आणि वरच्या पुलाला एका आलिमाचे!

या भागातल्या गल्ल्यांतून पहाटे भाजलेल्या पावाचा वास येतो. 'पाव' हा शब्द पोर्तुगिजांचा. गोव्यात खमीर मिळत नसे तेव्हा बेकरीवाले माडी घालून पीठ फुगवीत. मुंबईत हा धंदा गोव्याचे ख्रिस्ती, इराणी आणि आपले मुसलमान नानबाई अशा तिघांनी वाढविला. आजही बेकऱ्यांत पीठ मळणारे पुष्कळ कारागीर उत्तर प्रदेशातून येतात. रात्री पीठ मळायचे, फुगू द्यायचे, गोळे तोडायचे, लाकडाच्या भट्टीत लांब दांड्याच्या फळीने सारायचे आणि फजरच्या सुमारास पाव बाहेर काढायचे. भट्टी तापली की नाही हे हा कारागीर तापमापकावाचून, तोंडाशी हात धरून ओळखतो.

परंतु या भट्टीपुढे आज मोठा प्रश्न उभा आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील हवेच्या प्रदूषणाचा विचार करून, लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत गॅस अगर अन्य स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला. यावर नुसती हळहळ व्यक्त करणे योग्य नाही. त्या धुराचा पहिला बळी भट्टीपुढे उभा राहणारा नानबाईच असतो, आणि दुसरे बळी त्याच गल्लीत झोपणारी मुले. मात्र विटांचा तापलेला घुमट उष्णता धरून ठेवतो आणि ती चहूबाजूंनी हळूहळू सोडतो. म्हणूनच ब्रून पावाचे कवच कडक होते आणि आतला भाग मऊ राहतो. हा गुण नव्या भट्टीत कसा आणावा? कमी खर्चात कसा आणावा? हा प्रश्न नानबाई एकटा सोडवू शकत नाही आणि इंजिनिअरही एकटा सोडवू शकत नाही. दोघांनी शेजारी बसावे लागेल. आपल्या तंत्रशाळेतील मुलांनो, हा विषय तुमच्यासाठी आहे.

मिनारा मशिदीची गल्ली

रमजानच्या रात्री मिनारा मशिदीजवळ पाय ठेवावयास जागा नसते. येथे मोठमोठ्या कढयांत मालपुवा तळला जातो. अंडी घातलेले सरसरीत पीठ, वरून रबडी. पाहणाऱ्याला वाटते, हा खास मुसलमानी पदार्थ. आणि 'पुवा' हा शब्द कोठून आला? संस्कृत 'अपूप' या शब्दावरून. अपूपाचा उल्लेख ऋग्वेदात आहे. त्याच गल्लीत मिळणाऱ्या 'हलव्या'चे मूळ अरबी, अर्थ गोड. 'नहारी'चे मूळ अरबी 'नहार' म्हणजे दिवस. रात्रभर मंद आचेवर शिजवून सकाळी खावयाची म्हणून नहारी. 'शीरखुर्मा' फारसी, शीर म्हणजे दूध आणि खुर्मा म्हणजे खजूर. एका गल्लीच्या फलकांवर इतक्या भाषा नांदतात.

याच ठिकाणी १९३६ पासूनचे सुलेमान उस्मान मिठाईवाला यांचे दुकान आहे. त्यांच्या खव्या-सुक्यामेव्याच्या भाजीव मिठाईचे नाव 'अफलातून'. हे नाव अथेन्सच्या प्लेटोचे! ग्रीक तत्त्वज्ञांचे ग्रंथ अरबीत उतरविणाऱ्या विद्वानांनी प्लेटोला 'अफलातून' म्हटले, ते नाव फारसी-उर्दूतून आपल्या बोलीत आले आणि 'अफलातून' म्हणजे अचाट, असामान्य असा अर्थ मराठीतही रुजला. मिठाईचा डबा उघडताना मुलाला विचारा, प्लेटो कोण होता? उत्तर आले नाही तर त्याच संध्याकाळी पुस्तक उघडावयास लावा.

फिरनीही येथेच घ्यावी, आणि ती मातीच्या शकोऱ्यातलीच घ्यावी. भाजलेली माती पाणी शोषून घेते, त्यामुळे फिरनी घट्ट बसते आणि गार राहते. मुंबईत मातीच्या भांड्यांसाठी धारावीचा कुंभारवाडा प्रसिद्ध आहे. तेथील कुंभार मूळचे सौराष्ट्राचे. आपल्या रोजाइफ्तारच्या गोड घासात हिंदू कुंभाराच्या चाकाची मेहनत अशी मिसळलेली आहे. एकोप्यावर भाषणे आपण पुष्कळ ऐकतो. येथे तो हातात धरता येतो.

खिचडा किंवा हलीम चाखताना आणखी मागे जावे लागते. कुटलेला गहू आणि मांस एकजीव होईपर्यंत शिजविण्याची अरबी पद्धत म्हणजे 'हरीसा'. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न सय्यार अल-वर्राक याने जो पाकग्रंथ संकलित केला, त्यात हरीसाच्या कृती आहेत. आपल्याकडे त्यात डाळी आणि मसाले आले आणि मुहर्रमच्या देगा चढू लागल्या. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. हजार वर्षांपूर्वीच्या स्वयंपाकाची माहिती आज आपल्याला आहे, ती कोणीतरी कागदावर लिहून ठेवली म्हणून.

भेंडीबाजारचा सांचा

पुढे भेंडीबाजार. नावाविषयी दोन मते आहेत. कोणी म्हणतात, गोऱ्या साहेबांच्या 'बिहाइंड द बाजार' या शब्दांचा हा अपभ्रंश. कोणी म्हणतात, येथे भेंडीची झाडे होती. याच नावाने संगीतातले एक घराणे ओळखले जाते. उत्तर प्रदेशातील बिजनौरकडून आलेल्या छज्जू खाँ, नजीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ या बंधूंनी ते स्थापिले. पुढे त्यातील उस्ताद अमान अली खाँ यांच्याकडे लता मंगेशकर यांनी शिक्षण घेतले.

बोहरी मोहल्ल्यात रौदत ताहेरा हा संगमरवरी मकबरा आहे. १९७५ साली खुल्या झालेल्या या वास्तूच्या आतल्या भिंतींवर संपूर्ण कुराण शरीफ सोन्याच्या अक्षरांत कोरलेले आहे. येथे विश्रांती घेत असलेले सय्यदना ताहेर सैफुद्दीन हे अलीगढ मुस्लिम विद्यापीठाचे कुलपती होते. बोहरा मंडळी एका मोठ्या थाळाभोवती एकत्र बसतात, चिमूटभर मीठ चाखून जेवणास आरंभ करतात आणि ताटात दाणाही टाकीत नाहीत. लग्नकार्यात अन्नाची नासाडी करणाऱ्या आपणा सर्वांनी हा धडा घ्यावा.

जवळच १८८७ पासूनचे ताज आइस्क्रीम आहे. येथे आइस्क्रीम सांच्यात करतात: बाहेर लाकडी पिंप, आत तांब्याचे भांडे, मध्ये बर्फ आणि जाडे मीठ, आणि हाताने फिरविण्याचा दांडा. सीताफळ, आंबा, जो मोसम तो स्वाद. मीठ कशासाठी? बर्फात मीठ मिसळले की मिश्रणाचे तापमान शून्याच्या पुष्कळ खाली, उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते. विजेचे यंत्र नसताना दूध गोठविण्याची ही युक्ती. आणि बर्फ तरी कोठून येई? एकोणिसाव्या शतकात तो अमेरिकेतील बॉस्टनहून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, जहाजाने हिंदुस्थानात येत असे. कलकत्त्यास असे पहिले जहाज १८३३ साली लागले.

या मोहल्ल्याचे रूपही पालटत आहे. २००९ साली स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी ट्रस्टने सुमारे १६.५ एकरांतील अडीचशेच्या आसपास जुन्या इमारती पाडून नवे घरकुल उभारण्याचे काम हाती घेतले. त्यात ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने येतात. मोडकळीस आलेल्या चाळींतून माणसे सुरक्षित घरांत जावीत हे इष्टच आहे. पण ओट्यावरची कढई आणि गल्लीतला सांचा नव्या इमारतीत कितपत सामावतील, याचा विचारही करावयास हवा.

जे फेरीत दिसत नाही

येथे फेरी संपते, पण एक मोठा भाग राहून जातो. बाजारात दिसतात ते पुरुष कारागीर. घरच्या चुलीपुढचा हुन्नर रस्त्यावर विकावयास येत नाही. कोकणी घरातील सांदण घ्या. तांदळाचा रवा, नारळाचे दूध आणि वाफ यांचे गणित आजीच्या हातात असते. पीठ किती आंबले हे ती वासावरून सांगते. ईदच्या शेवया, लोणची, पापड, बाळंतिणीचा खुराक यांची विद्या सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे तोंडी आली आणि बहुतेक घरांत ती कोठेही लिहिलेली नाही. कोणताही मार्गदर्शक ती दाखवू शकणार नाही. ती तुमच्याच घरात आहे.

इल्म आणि हुन्नर

पालकहो, आता मुद्द्याचे बोलू. मुलगा शिकला की बापाचा धंदा सांगावयास लाजतो, असे दृश्य आपल्या समाजात विरळा नाही. 'वडील काय करतात?' या प्रश्नाला 'बिझनेस' असे मोघम उत्तर येते. भट्टीवर उभे राहून, देगा उचलून, रात्री जागून ज्याने फी भरली, त्याच्या कामाचे नाव घ्यावयास संकोच का वाटावा? हजरत दाऊद लोखंडाचे काम करीत आणि हजरत जकारिया सुतारकाम करीत, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पैगंबरांना ज्या कष्टाची लाज वाटली नाही, तिची आपल्याला वाटावी हे बरे नव्हे.

त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगितले पाहिजे की, मुलाने शाळा सोडून भट्टीवर बसावे असे येथे कोणी म्हणत नाही. शिक्षण आधी. परंतु शिकलेल्या मुलाच्या हातात लेखणी आहे आणि ती त्याच्या आजोबांच्या हातात नव्हती. तिचा पहिला उपयोग आजोबांसाठी व्हावा.

म्हणून एक सूचना करावीशी वाटते. आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने या वर्षी एका वडीलधाऱ्या कारागिराची अगर घरातील आजी-नानीची भेट घ्यावी. नानबाई, हलवाई, भटियारा, सरबतवाला, शेवया करणारी खाला, कोणीही चालेल. त्यांना पुढील गोष्टी विचाराव्यात: हे काम कोणाकडून शिकलात? त्या वेळी वय काय होते? उस्तादाने पहिले काय शिकविले? कोणते साहित्य, किती मापाने? आच कशी ओळखता? पूर्वी काय होते जे आता मिळत नाही? 'अंदाजाने' असे उत्तर आले तर त्या अंदाजाची मूठ वजनकाट्यावर ठेवून ग्रॅम लिहून घ्यावेत. त्यांचेच शब्द, त्यांच्याच बोलीत उतरवावेत. पुस्तकी करू नयेत. शिक्षकांनी या वह्या तपासून शाळेच्या ग्रंथालयात ठेवाव्यात. विज्ञानाच्या शिक्षकांनी त्यांतून प्रयोग काढावेत, भाषेच्या शिक्षकांनी शब्द काढावेत, इतिहासाच्या शिक्षकांनी साल-सनावळीची छाननी करावी. पालकांचे काम एवढेच, की मूल वही घेऊन शेजारी बसले म्हणजे 'जा, अभ्यास कर' म्हणून त्याला उठवू नये. हाही अभ्यासच आहे.

पुढच्या वेळी सहल मुंबईस गेली, तर राणीच्या बागेआधी अर्धा दिवस या रस्त्यासाठी राखून ठेवावा. आणि मुंबईस जाणे घडले नाही, तर आपल्याच गावातील मोहल्ल्याच्या बेकरीपासून आरंभ करावा. भट्टी तेथेही पहाटेच पेटते, आणि तिच्यापुढे उभ्या असलेल्या माणसाला आजवर कोणी काही विचारलेले नसते.